मीटरमावशीचा डूख

लोक दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात. मीटरमावशीनं जळक्या लगांची माळ बांधली होती. लग म्हणजे वायरच्या टोकावर दाबून बसवायची तांब्याची टोपी. ती ढिली राहिली की तापते, काळी पडते. दुसऱ्याचं असलं कच्चं काम दुरुस्तीला आलं आणि त्या माणसानं पूर्वी कधी तिचा अपमान केलेला असला, की तो काळा तुकडा माळेत जायचा. गिऱ्हाइकाला ती ओळख करून द्यायची. "ह्यो बापू. बाईमानसानं हातोडी धरू न्हाई म्हनला व्हता. आन् ह्यो त्याचा मेव्हना. तो नुस्ता हसला व्हता."

घोडेगावात एसटी स्टँडच्या मागं तिचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही शटर ओढणार. तिनं पाटी रंगवून घेतली. मी तळेघरचा. सातवीत शाळा सुटली, पुढं दहा-बारा वर्षं टेम्पो चालवला, टेम्पो गेला तेव्हा बायको-पोरांसह हिच्या दारात उभा राहिलो. तिनं विचारलं, "काय येतं?" मी म्हणालो, "काहीच नाही." "मंग बरं. विसरायला काय नाय."

मी जात्याच भित्रा. जोडलेली वायर तीनदा ओढून बघायचो, घरी निघालो तरी अर्ध्या वाटेवरून परत यायचो. बाकीचे हसायचे. मावशी म्हणायची, "हसा. भेदरट मानसाची वायर ढिली ऱ्हात न्हाई." माझ्या भीतीला कोणी कामाची म्हटलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

तेवढ्यात आमच्या भागात कॅम्पर गाड्यांचं वेड आलं. आत पलंग, शेगडी, फ्रिज; टपावर सोलर, पलंगाखाली बॅटरी. नारायणगावकडं एक इंजिनियर शेठ असल्या गाड्या बांधायचा आणि विजेचं काम आम्हाला द्यायचा. बॅटरीत किती शिल्लक आहे ते दाखवणारा मीटर मी बसवायचो. त्याची सगळी गोम शंट नावाच्या पितळी पट्टीत असते. बॅटरीच्या काळ्या टोकाला फक्त शंट, आणि गाडीतली प्रत्येक काळी वायर शंटच्या पलीकडं. मावशीनं मला एका वाक्यात शिकवलं होतं, "शंट म्हंजी यष्टीचा कंडक्टर. मागच्या खिडकीतून चढला त्याचं तिकीट तो कसा फाडंल?"

एप्रिलात एक निवृत्त गुरुजी पत्नीला घेऊन येडगावच्या धरणावर राहिले. गाडी दिवसभर चिंचेच्या सावलीत, म्हणजे सोलरचा भरणा नाहीच. मीटर म्हणत होता चौऱ्याऐंशी टक्के, आणि बॅटरी मेलेली. फ्रिजमध्ये बाईंचं इन्सुलिन होतं, ते उकाड्यानं तापून वाया गेलं, बाईंना दवाखान्यात न्यावं लागलं. शेठनं आम्हाला आवारात बोलावलं आणि कामगार, गिऱ्हाइकं, सगळ्यांसमोर माझ्याकडं बोट करून म्हणाला, "सातवी शिकलेल्याला मीटर लावायला दिलं की असंच होणार. उद्या माणूस मेलं असतं. जुन्नर-आंबेगावात याला कोणी गाडीला हात लावू देणार नाही, बघतोच मी."

खरंच माझीच चूक असेल तर? हा धंदा गेला तर दुसरं काही येत नव्हतं. मला वाटलं मावशी आता त्याला धुऊन काढेल. तिनं पिशवी उचलली आणि चालू लागली. रस्त्यावर मी विचारलं, "मावशी, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "राग तोंडानं काढला की संपतो. मला संपवायचा न्हाई."

तिनं गुरुजींकडून बॅटरीच्या पेटीचा फोटो मागवला. फोटो बघून एवढी खूश झाली की दोन चहा सांगितले. शेठची एक पद्धत होती. गाडीची पूजा व्हायची, नारळ फुटायचा आणि मग शेवटची वायर शेठ स्वतःच्या हातानं जोडायचा, मोबाइलचा कॅमेरा लावून. गुरुजींच्या गाडीत ती वायर फ्रिजची होती. शंट आत कोपऱ्यात. बॅटरीचं टोक मोठं, कॅमेऱ्यात छान दिसणारं. शेठनं काळी वायर थेट तिथं ठोकली होती.

मी म्हणालो, आत्ताच जाऊन सांगू. "थांब. फुडची पूजा येऊ दे. गर्दी पायजे." गुरुजींनाही तिनं वायरीला हात लावू दिला नाही. तीन आठवडे मला जेवण गोड लागलं नाही, मावशी मात्र तजेलदार झाली.

पूजेच्या दिवशी ती ठेवणीतली जांभळी साडी नेसून आली. नारळ फुटला, पेढे फिरले. मग गुरुजींची गाडी आवारात शिरली. मावशीनं फ्रिज चालू केला आणि वायरीला चिमट्यासारखा पकडणारा मीटर लावला. सहा अँपिअर. गाडीतला, मी बसवलेला मीटर जागचा हलेना.

"बघा मंडळी," ती म्हणाली, "फ्रिजचा डबा सहा अँपिअर खातोय आन् मीटर म्हनतोय आज उपास हाय. ही वायर कुनी जोडली?"

"सुतारानं जोडली असेल," शेठ म्हणाला.

गुरुजींनी मोबाइल वर धरला. त्यांच्या गाडीच्या पूजेच्या व्हिडिओत शेठच हसत पाना फिरवत होता. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"सुतार लई शिकलेला दिसतोय," मावशी म्हणाली. "आता नीट जोडा, शेठ. पर आमच्या मानसाला इचारून. 'भाऊ, कुठं जोडू?' म्हना."

शेठनं इकडं-तिकडं पाहिलं. नवी गाडी घ्यायला आलेली माणसं वाट बघत होती. शेवटी माझ्या पायांकडं बघत म्हणाला, "भाऊ, कुठं जोडू?" मी लगेच सांगितलं नाही. मनात दहा आकडे मोजले. इतकं गोड मी आजवर काही मोजलेलं नाही.

हे महाग पडलं. शेठनं आम्हाला काम देणं बंद केलं, त्याच्या ओळखीच्यांनीही केलं, आणि दुकानात दोघांपुरतं काम उरलं नाही. गुरुजींच्या ओळखीनं मला हिमाचलात कॅम्परच्या वायरिंगचं काम मिळालं. निघताना मी म्हणालो, "मावशी, माझ्यामुळं तुझं नुकसान झालं." ती म्हणाली, "तुझ्यामुळं काय न्हाई. मी माझ्या हौसंनं केलं. तू मधी सापडलास." मग माझ्या पिशवीत तिनं स्वतःची लग दाबायची पक्कड कोंबली आणि वळूनसुद्धा बघितलं नाही.

ती गेल्याचं मला शेठच्या स्टेटसवरून कळलं. तिचा फोटो, हात जोडलेले, खाली लिहिलेलं: 'आमच्या मार्गदर्शक.' इथून घोडेगाव तीन दिवसांवर. मातीला पोचणं शक्यच नव्हतं. मी लिहायला बसलो. सातवीचं माझं मराठी, काना-मात्रा चुकायला नको म्हणून बोट ठेवून तीनदा वाचलं: 'फोटो काढा. ती तुमची कोणी नव्हती. मेली तरी तिनं तुम्हाला माफ केलेलं नाही, आणि मी जिवंत आहे.'

पाठवलं. खुणा निळ्या झाल्या. थोड्या वेळानं बघितलं तर फोटो गेला होता. मग मी रडलो.