टुरिंग टॉकीजचा शेवटचा डबा

आमच्या जऊळक्याच्या टुरिंग टॉकीजवाल्यावर माझा अजून राग आहे. तो आता असेल की नाही ठाऊक नाही, पण असला तर मला त्याला एकच गोष्ट विचारायची आहे.

माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून शनिवारची संध्याकाळ सिनेमाची. स्टेशनामागच्या मोकळ्या जागेत तंबू लागायचा आणि दिवस मावळायच्या आतच भोंग्यावर रेकॉर्डी सुरू व्हायच्या. त्यांचा क्रम ठरलेला होता. प्रेमाची गाणी वाजेपर्यंत भाकरी टाकायला वेळ असायचा. देवाचं गाणं लागलं की सिनेमा सुरू होणार. मग घराघरातून बाया काखेत गोणपाट मारून पळत सुटायच्या. आम्ही बौद्ध, पण त्या देवाच्या गाण्याची आमच्याइतकी वाट गावात कोणी पाहत नसेल. माय तेवढी कधी यायची नाही. "पडद्यावरच्या बाया रडतात, मंग खालच्या रडतात. मले घरी काय काम नाही?" असं म्हणायची.

वाशिमला दुपारचा खेळ संपला की रिळांचे डबे संध्याकाळच्या पॅसेंजरने आमच्याकडे यायचे. त्या शनिवारी एक डबा आलाच नाही. हे टॉकीजवाल्याला माहीत होतं, पण तिकिटं फाडून होईपर्यंत तो मूग गिळून बसला.

माझ्या थोरल्या बहिणीचा, ताईचा, माहेरातला तो शेवटचा सिनेमा. आठवड्याभरात तिचं लग्न होतं, इंझोरीला. सिनेमा हिंदी, मी सहावीत, त्यामुळे अर्धं अंदाजानेच चाललं होतं. एवढं कळलं की नायिकेला सासरी फार जाच आहे. शेवटी ती लोखंडी पेटी उचलते, माहेरच्या दारात येते, कडीला हात घालते. आणि पडदा पांढरा झाला. शिट्ट्या, शिव्या, चपला. "उरलेला पुढच्या शनिवारी फुकट दाखवतो," टॉकीजवाला ओरडला आणि कंदील घेऊन तंबूमागे पसार झाला.

घरी येताना ताई म्हणाली, "तू पाहून ठेवजो. मी आली का मले सांगजो."

ताई पांढऱ्या पातळात, बुद्धवंदना होऊन, सासरी गेली. मी शनिवारची वाट पाहत बसले.

शनिवारी डबा आला. पडद्यावर एक बाई डोळ्यांवर गॉगल लावून स्कूटर चालवत होती. मागे कोणी मिशीवाला लागला होता. मग डोंगरात मारामारी, मग मिशीवाला दरीत, मग सगळे नाचले आणि सिनेमा संपला. पेटी नाही, दार नाही, कडी नाही. तंबूत मिनिटभर कोणी उठलंच नाही. घरी येताना नुसता गोंधळ. शेजारची काकू म्हणाली, "तेच बाई हाये. शिकली, नोकरी लागली, मंग गॉगल घेतला." दुसरी म्हणाली ही तिची जुळी बहीण. बाबा म्हणाले डबाच दुसऱ्या सिनेमाचा आहे. मला तिघांचंही पटलं, आणि तिथेच माझी पंचाईत झाली. आता ताईला काय सांगायचं?

उन्हाळा संपत आला तेव्हा ताई आली. कोणी आणायला गेलं नव्हतं, पोचवायला कोणी आलं नव्हतं. एसटीच्या मोटारीतून एकटीच उतरली, हातात कापडी पिशवी. मी आनंदाने उड्या मारत होते आणि घरात कोणी हसत नव्हतं. तिच्या दंडावर निळं पडलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, विहिरीवर पडली. तेव्हा मला ते खरं वाटलं.

बाबा जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "उद्या सकाळच्या मोटारीनं नेऊन घालतो तुले. असं न सांगता निघून येतेत का? लोक काय म्हनतीन?"

ताईचं ताट तसंच पुढ्यात. मग एकदम माझ्याकडे वळून तिने विचारलं, "त्या सिनेमात पुढं काय झालं वं? दार उघडलं का तिले?"

मी मोठ्या उत्साहाने गॉगल सांगितला, स्कूटर सांगितली, जुळी बहीण सांगितली.

"ते नाही. दार उघडलं का?"

मला रडू फुटायच्या बेतात होतं. एवढं एक काम सोपवलं होतं, तेही मला धड जमलं नव्हतं. "मले नाही समजलं," मी म्हटलं.

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, "उघडलं. तिच्या मायनं उघडलं. मंग तिले ठेवून घेतलं, कायमचं."

"पण तू तं आलीच नव्हती!" मी ओरडले. "तुले काय माहीत?"

"तू चूप बस."

"आन तिचा बाप?" ताईने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं सिनेमातलंच विचारते आहे.

मायचे हात थांबले. तिने बाबांकडे पाहिलं. "बापाचा डबा नाही आला," ती म्हणाली.

मी बाबांकडे पाहिलं, कारण डब्यांचं त्यांनाच जास्त कळायचं. ते कितीतरी वेळ ताटात बोट फिरवत राहिले. मग त्यांनी आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडली, ताईच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, "जेव. उद्याच्या मोटारीचं नको पाहू."