भाऊजींनी न दिलेली गोळी

माणूस ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी या घरात आल्यापासून सांगत आले आहे. टीव्हीवर मालिका लागली की खुनी कोण ते मी पहिल्या जाहिरातीआधीच सांगते. चुकते ती गोष्ट वेगळी, पण सांगते सगळ्यांच्या आधी. अशा माझ्या स्वयंपाकघरात एक पोलीस बाई महिनाभर थालीपीठ खात बसली, आणि मी सासूबाईंना म्हणाले, "पोरगी साधी आहे हो."

झालं असं, की आमच्या धाकट्या भाऊजींचं लग्न होत नव्हतं. चाळिशी उलटली होती. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं औषधांचं दुकान, गावाकडं पाचोडला घर आणि शेती, पण मुलीसमोर बसवलं की माणूस घामानं भिजायचा आणि "तु-तुम्ही" च्या पुढं सरकायचा नाही. त्यांची ही नक्कल मी फार छान करते. लग्नाकार्यात पाहुणे मुद्दाम करायला लावायचे. भाऊजीसुद्धा कोपऱ्यात उभे राहून हसायचे. ते हसताहेत म्हणजे त्यांना आवडतंय, असं आम्ही धरून चाललो होतो.

दुकान मात्र जोरात चालत होतं. झोपेच्या गोळ्या, ज्या आपल्या शहरातली पोरं नशेसाठी खातात आणि ज्यांना 'बटन' म्हणतात, त्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तिथं मिळायच्या. घरात हे कोणाला माहीत नव्हतं असं मी लिहिणार होते. माहीत होतं. पण भरभराट का झाली हे विचारायला आम्ही काही पोलीस नव्हतो.

सासूबाई दुपारी दुकानात जाऊन बसायच्या. तिथं कूलर होता. तिथंच त्यांना ती दिसली. तिशीची, गळा मोकळा, कपाळावर बारीकशी टिकली. दर दोन-चार दिवसांनी यायची, भाऊजींशी हळू आवाजात काहीतरी बोलायची आणि बाम नाहीतर कापूस घेऊन जायची. एकटी बाई पुन्हा पुन्हा औषधाच्या दुकानात येते, याचा जगात दुसरा काही अर्थ असू शकतो हे सासूबाईंना पटण्यासारखं नव्हतं.

"सूनबाई, पोरगी याच्यासाठी येती. एवढ्या कापसाचं कोण काय करतंय?"

त्यांनी तिला भर दुकानात विचारलं, "लगीन झालंय का गं तुझं?" ती गोंधळली. "नाही," म्हणाली. सासूबाईंनी तिला हाताला धरून घरीच आणलं.

मग मी चौकशी केली. आमच्याकडं चौकशी माझ्याकडे असते. आई-बाप नाहीत, मावशीकडं राहते, एका ऑफिसात कामाला आहे. देवक, मामाचं गाव, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. ती नेहमी भिंतीला पाठ लावून, दाराकडं तोंड करून बसायची. मी म्हटलं, बुजरी आहे. चपला दाराकडं टोक करून काढायची. मी म्हटलं, वळण आहे.

भाऊजी तर पार बदलले. शर्टाला इस्त्री आली. ती जेवायला बसली की स्वतः तिच्या ताटात ठेचा वाढायचे आणि तिला ठसका लागला की पाणी द्यायला दोन तांबे घेऊन धावायचे.

एकदा तिनं सहज विचारलं, "एवढ्याशा दुकानात भागतं का हो आई?"

सासूबाईंना ते झोंबलं. लेक चाळिशीचा, त्यात तोतरा. निदान खाऊन-पिऊन सुखी आहे हे तरी हिला कळायला नको का? त्या म्हणाल्या, "दुकान म्हंजी नुसतं तोंड हाय. पोट पाचोडला हाय! तिथल्या दोन खोल्या गोळ्यांच्या खोक्यांनी भरल्यात. पाव्हण्याला निजायला जागा नाय."

"अगंबाई! आणि किल्ली कुणाकडं असते?"

"ही काय, माझ्या कमरेला."

मला तिचा संताप आला. अजून उंबरठा ओलांडला नाही आणि किल्ल्या विचारते! ही पुढं वाटण्या करणार, हे मी त्या रात्री नवऱ्याला छातीठोक सांगितलं.

सुपारी फोडायचं ठरलं. आदल्या आठवड्यात सासूबाईंनी तिची ओटी भरायला घेतली. ती एकदम मागं सरली. "नको आई. माझी नका भरू."

"लाजती," सासूबाई म्हणाल्या आणि खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घातले. तिच्या पदरातून निम्मे तांदूळ खाली सांडले. मी शेजारणीला कोपरानं ढोसलं, "बघ, आनंदानं."

सुपारीच्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. मी रांगोळी काढत होते. खाकीतले लोक उतरले, पुढं एक बाई फौजदार. सासूबाई ओट्यावरून ओरडल्या, "बाई, जरा जपून, रांगोळी हाय! आज आमच्याकडं सुपारी हाय, च्या घेऊन जावा."

बाईंनी टोपी काढली. तीच होती, आमची साधी पोरगी.

जीपमध्ये मागं भाऊजी बसले होते, हातात बेड्या. दुकानावर छापा पडला होता, पाचोडच्या खोल्यांचं कुलूप तोडून झालं होतं, आता घराची झडती होती. सासूबाईंना हे कळायला वेळ लागला, पण तोंड सुटायला लागला नाही.

"माझ्या घरची भाकर खाल्लीस गं! तुझं कुकू पुसंल, रांडमुंड हुशील!"

"झालंय, आई," ती म्हणाली. "केव्हाच झालंय. नवरा रिक्षा चालवायचा. हीच गोळी खाऊन उभ्या ट्रकवर घातली त्यानं रिक्षा."

मी असले प्रसंग सोडत नाही. विचारलंच, "गोळी आणायचा कुठून?"

"तुमच्या दुकानातून. म्हणून तर हे काम मागून घेतलं मी."

जीपमधून भाऊजी म्हणाले, "तु-तुम्ही म्हणाला होतात, झोप येत नाय."

"येत नाहीच," ती म्हणाली. मग आमच्याकडं वळली. "मी दर वेळी गोळी मागायचे. यांनी एकदाही दिली नाही. म्हणाले, तुम्ही ही घेऊ नका, ही खाऊन माणसं मरतात. दिली असती तर काम पहिल्याच दिवशी संपलं असतं, मला इथं जेवत बसावं लागलं नसतं." तिनं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "माझ्या नवऱ्याला नाही सांगितलं यांनी. त्याला देत राहिले. मी हे जबाबात लिहून दिलंय."

जीप गेली. सासूबाई मटकन खाली बसल्या. मला वाटलं, आता लेकाच्या नावानं हंबरडा फोडतील. त्या म्हणाल्या, "विधवेची ओटी भरली गं मी." आणि मला पाणी तापवायला लावून डोक्यावरून अंघोळ केली. संध्याकाळी सगळी गल्ली आमच्या ओट्यावर होती, आणि विषय एकच: विधवा असून हिनं ओटी घेतलीच कशी? गोळ्यांचं कोणी नाव काढलं नाही, त्या रिक्षावाल्याचंही नाही. विषय मीच जास्त रंगवला. ती नको म्हणाली होती, हे मला ठाऊक होतं. मी ते तेवढं गाळलं.

वकील म्हणाले, बाकी सारं बघता येईल, ते एक वाक्य घातक आहे. माणसं मरतात हे माहीत असून विकत होते, असं त्यातून सिद्ध होतं. तेव्हा असं बोललोच नाही म्हणायचं. हे पटवायला मला हर्सूलच्या जेलात पाठवलं, कारण माझी वाणी गोड.

जाळीच्या पलीकडं भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. "वहिनी, तो रिक्षावाला आठवत नाय मला. रोज एकेक गिऱ्हाईक डोळ्यापुढं आणतो. किती तोंडं आली, त्याचं येत नाय."

"ते असू द्या. वाक्याचं काय?"

"ते बोललो मी. आख्ख्या जन्मात एका बाईशी नीट बोललो तेवढंच. ते पण नाय म्हणू?" हे सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत.

जामिनाच्या दिवशी कोर्टात वकील सांगत होते की असं संभाषण झालंच नाही, तर भाऊजी मागून मोठ्यानं म्हणाले, "बोललो होतो साहेब." वकिलांनी कपाळाला हात लावला. ती चार पावलांवर उभी होती. तिनं मान वर केली नाही. पुढच्या केसचे कागद चाळत होती. जामीन फेटाळला गेला.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या. फोडता फोडता म्हणाल्या, "बघ. अजून लगीन नाय, आन् आत्तापासनंच बायकोच्या ताटाखालचं मांजर!"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या. खूप वेळ हसलो आम्ही, आणि मग त्यांनी सूप माझ्याकडं सरकवलं, उरलेल्या शेंगा तू फोड म्हणून.