फाटकाचा दिवा

विद्यानगरच्या आमच्या गल्लीतला वायरमन काम करताना डावा हात पाठीमागे धरतो, तोंड मात्र अखंड चालू. आमच्या अंगणातल्या लाइनचा सेफ्टी स्विच, करंट कुठे गळला की लाइन तोडणारा, सारखा पडत होता. आईने फाटकाजवळच्या तुळशीला पाणी घातलं की हमखास. त्याने बाहेरची जोडणी एकेक करून सोडवली. फाटकावरचा दिवा सुटताच स्विच टिकला. दिव्यात तेच पाणी उडून शिरलं होतं.

संध्याकाळी घरी हळदीकुंकू होतं आणि फाटकाशी अंधार मला नको होता. मी त्याला बायका येणार असल्याचं सांगून म्हणालो, "आज के वास्ते स्विच हटाके लाइट डायरेक्ट कर दो."

"नक्को साब. वो स्विच खतरा बोलके चिल्लारा, तो उसका गला दबाना क्या? इत्ती औरतां आरे, सब नंगे पाँव."

मी पुन्हा सांगून पाहिलं. त्याने वाद न घालता दिव्याची वायर कापली, दिवा पिशवीत टाकला आणि आत हाक मारली, "अम्मा, आज टॉर्च निकालो. साब की बात सुनना नक्को!"

आई हसली. मला राग आला होता.

बायका आल्या तेव्हा आई टॉर्च घेऊन फाटकाशी उभी होती. सगळ्यांनी चपला तिथेच काढल्या आणि नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीवरून, एकमेकींचे हात धरून, त्या आत आल्या.