बिशपचं काळीज

आई गेल्यावर मी अप्पांना माझ्याकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आणलं, तेव्हा आपण केवढं चांगलं काम केलं असं मला वाटत होतं. अप्पांना तसं काही वाटत नव्हतं. रोज सकाळी उठल्याबरोबर ते मिरजेच्या शेजारणीला फोन करायचे, "अहो वहिनी, आज नळाला पाणी आलं होतं का?" मिरजेचं घर कुलूपबंद, पाणी कुणासाठी हवं होतं देव जाणे! पण आलं म्हटलं की त्यांचा दिवस बरा जायचा. इथे दिवसभर पाणी असतं हे शंभरदा सांगूनही बाथरूममध्ये बादली भरून ठेवायचेच. मी त्या बादलीला अडखळायचे आणि चिडायचे.

"मला घरी कधी सोडतेस?" असं अप्पा अधूनमधून विचारायचे. मी "बघू" म्हणायचे. म्हाताऱ्या माणसाला तिकडे एकटं कसं ठेवायचं? शिवाय खरं सांगते, ऑफिसातून आल्यावर दार उघडायला घरात आपलं माणूस असायचं, ते सुख मला सोडवत नव्हतं.

एका रविवारी फिरत फिरत आम्ही नदीकाठच्या एका जुन्या चर्चमध्ये शिरलो. भिंतीशी एका कॅथलिक बिशपची समाधी होती. अप्पांना प्रत्येक पाटी मराठीत सांगावी लागायची, म्हणून सांगितली. चारशे वर्षांपूर्वी कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचं युद्ध पेटलं, शत्रूचं सैन्य आलं आणि हा आपलं गाव सोडून इथे आला. दरवर्षी परत जायचं म्हणायचा, पण युद्ध काही थांबेना. शेवटी सांगून गेला, देह इथेच पुरा, काळीज मात्र काढून ठेवा आणि शांतता झाली की माझ्या चर्चमध्ये पोचवा. तेव्हाच्या काही बड्या धर्मगुरूंमध्ये तशी रीतच होती.

"पोचलं का?" अप्पांनी विचारलं.

"हो. बऱ्याच वर्षांनी, चांदीच्या डबीतून."

अप्पा म्हणाले, "आपल्याकडे काही युद्ध चाललेलं नाही, बाळ. मला डबीतून नको पाठवूस. अख्खा आहे तोवर ने."

मला तिथेच रडू फुटलं. या वेळी "बघू" म्हणायला तोंड उघडलं नाही.

पुढच्या महिन्यात मी त्यांना मिरजेला सोडून आले. आता बाथरूममध्ये कशाला अडखळत नाही. सकाळी चहा ठेवायच्या आधी फोन करते.

"अप्पा, पाणी आलं होतं का?"

"आलं. एक बादली जास्तीची भरून ठेवलीय. तू कधी येतेस?"

"बघू," मी म्हणते.