देवरावचं इंजिन

देवराव मिस्त्रीनं मला फसवलं. कित्येक वर्षं फसवलं, आणि ते कळलं तो गेल्यावर, तेरवी उरकल्यावर. हिंगणघाटचे एक गृहस्थ आमची भागीतली मोटार विकत घ्यायच्या विचारानं ती पाहायला देवरावच्या घरी आले होते. मी सवयीप्रमाणे सुरू झालो: इंजिन मिलिटरीचं, कोरं, पेटीबंद, नागपुरात मी स्वतः घासाघीस करून घेतलेलं. त्यांच्या ड्रायव्हरनं बॉनेट उचललं आणि तो हसला. म्हणाला, हे तर जुन्या ट्रकचं आहे. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तेव्हा देवरावची बायको, कौसल्यावहिनी, दारातून हळूच म्हणाल्या, "तो खरं सांगून राह्यला, भाऊजी."

ती मोटार आम्हाला मिळाली तेव्हा तिचं इंजिन जळालेलं होतं. ती उभी करायची आणि गिरडच्या दर्ग्याला जाणाऱ्यांसाठी वर्ध्याहून चालवायची, असा बेत. पैसा माझा, हात देवरावचे. लढाईनंतर उरलेला लष्करी माल विकणारा एक दलाल नागपुरात होता. त्याच्या आवारात एक इंजिन उघडं, तेलानं माखलेलं, पण चालू होणारं. दुसरं खिळे ठोकलेल्या पेटीत. पेटी उघडली की माल तुमचा, ही त्याची अट. देवराव उघड्या इंजिनापाशी उकिडवा बसून कान लावून ऐकत राहिला. "भाऊ, हेच घेऊ. याचा आवाज साफ आहे." मी म्हटलं, "तुले जुनं पुरते, मले नाई." आणि दलालाच्या रुमालाखाली हात घातला. बोटं दाबत दाबत भाव पाडला. सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय भाव न बोलणारा मी... बंद पेटी घेऊन आलो, आणि रस्ताभर देवरावला सौदा कसा करतात ते शिकवत आलो.

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा ते इंजिनाच्या अंगातून पाझरलं, असं वहिनींनी सांगितलं. चिरेत साबण भरून वर रंग मारलेला होता. "तुमाले सांगाले हे दुकानापावतर आलते. तुम्ही कोनावर तरी ओरडून राह्यले होते... बाहेरूनच वापस गेले." मग तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये हंगामभर राबला आणि मजुरीऐवजी तिथल्या मोडीत निघालेल्या ट्रकचं इंजिन मागून घेतलं. गाडी उभी राहायला उशीर झाला. त्यावरून मी त्याला भर बाजारात, चहाच्या हॉटेलासमोर, कामचोर म्हणालो. तो मान खाली घालून म्हणाला, "होते भाऊ, पोळ्यापर्यंत होते." आणि झाली. गाडी सुटली त्या दिवशी मी पेढे वाटले... माझ्या सौद्याचे.

ते चिरलेलं इंजिन अजून त्याच्या अंगणात आहे, पोत्यांनी झाकलेलं. मी गेलो की त्याच्यावरच बसायचो.

दलालाला काय विचारू? फसवणं त्याचा धंदा. देवरावला विचारता येत नाही. पण जिनिंगच्या मुकादमाला माहीत होतं, हॉटेलवाल्याला माहीत होतं, आमची गाडी हाकणाऱ्याला तर माहीत होतंच. भाऊचा मान जाऊ नये म्हणून देवरावनं सगळ्यांकडून शब्द घेतला होता म्हणे. तर माझा सवाल तुम्हाला आहे, बाजारातल्या लोकांनो. मी त्याला कामचोर म्हणालो तेव्हा तुम्ही तिथंच चहा पीत होता. माझ्या रागाला भ्यालात, मान्य. पण एकानं तरी मला अडवायचं होतं. का नाही अडवलं? येऊन सांगा. मी दुकानातच असतो, आणि ओरडणार नाही.