ओटा म्हणजे कोणता ओटा?

वाळूजहून कंपनीच्या बसनं परतलो, गल्लीत वळलो आणि तिथंच थबकलो. आमच्या घराचं दार जमिनीपासून तीन फूट वर लटकत होतं. खाली ना ओटा, ना पायऱ्या. नुसता विटांचा ढीग. ढिगावर मिस्त्री चहा पीत बसलेले. मला बघून कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाले, "देखो साब, एक तुकडा नहीं छोड्या."

सकाळी फोनवर हे मीच सांगितलं होतं.

आमचं स्वयंपाकघर जुनाट. काळ्या कडप्प्याचा बुटका ओटा; त्याच्यापुढं वाकून आधी आईची कंबर गेली, मग बायकोची जायला लागली. तो पाडून उंच करायचं ठरलं. धूळ सोसत नाही म्हणून आई पैठणला मावशीकडं गेली. बायकोनं शाळेत शिकवायला निघताना बजावलं, "मिस्त्रींना प्लॅटफॉर्म पाडायला सांगा. प्लॅटफॉर्मच म्हणा हं."

"प्लॅटफॉर्म स्टेशनावर असतो," मी मराठीचा कैवार घेतला. "आपल्या घरात ओटा."

आणि मिस्त्रींना फर्मावलं, "तो जुना ओटा आज फोडून टाका."

"अच्छा-भला ओटा है साब. अम्मा को पूछे क्या?"

"अहो, अम्मांनाच त्याचा त्रास. जास्त विचार करू नका."

त्यांनी केला नाही. त्यांच्या लेखी ओटा म्हणजे दारापुढचा. आतला तो प्लॅटफॉर्म. बायकोला हे ठाऊक होतं.

दारापुढच्या ओट्यावर आई रोज पाचला बसायची. गुडघ्यांमुळं तिला गल्लीत फिरता येत नाही, म्हणून गल्लीच तिच्याकडं यायची, मेथीची जुडी आणि दिवसभराच्या बातम्या घेऊन. तेवढंच तिचं बाहेरचं जग. ते मी एका फोनवर पाडलं होतं, आणि मावशीकडं करमेना म्हणून ती नेमकी त्याच संध्याकाळी परत येत होती.

रिक्षा थांबली. आईनं एक पाय खाली टाकला आणि तसाच ठेवला.

"व्हय रे, आपलंच घर आहे ना हे?"

मी मान हलवली. शब्द सगळे सकाळीच वापरून झाले होते.

"मग मी बसू कुठं?" एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. "अम्मा, पहले आपका ओटा. किचन बाद में."

विटांच्या कच्च्या पायऱ्या रचून आम्ही दोघांनी आईला धरून आत नेलं. स्वयंपाकघर आधीच रिकामं करून ठेवलं होतं, म्हणून पुढचे आठ दिवस बायकोनं बैठकीच्या खोलीत, टीव्हीसमोर जमिनीवर शेगडी ठेवून स्वयंपाक केला. माझ्या ताटात वाढताना ती फक्त "ओटा" एवढंच म्हणायची.

दारापुढं नवा ओटा झाला. वर बसवायला मिस्त्रींनी स्वयंपाकघरातला कडप्पा अख्खा काढला. आई त्यावर टेकली, कडेचा टवका बोटानं चाचपला. "नारळ आपटून उडाला होता हा," म्हणाली. "जन्मभर याच्यापुढं वाकले. आता बसते याच्या उरावर."

मेथीवाल्या बायका हसल्या. मीही हसायला लागलो.

"तू नको हसू," आई म्हणाली. "आत जा, मिस्त्री विचारतायत काय फोडायचं ते. आणि बोटानं दाखव."