उकंडरावची गाडी आणि वाटणीची भिंत

जगदेव मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणी म्हणायला नको की हा माणूस मनात ठेवून बोलतो. पण ही गोष्ट जगदेवची नाही, त्याच्या धाकट्या भावाची आहे, उकंडरावची. आमच्या अनसिंगात, माझ्या शेजारीच, तो टिनाचं काम करायचा. नरसाळी, रॉकेलच्या चिमण्या, तेलाची मापं, गळक्या बादलीला नवं बूड, असलं सगळं. जगदेवच्या पाठची भावंडं जगली नाहीत, म्हणून हा झाल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर ठेवला आणि तिथून उचलून आणला. तेव्हापासून तो उकंडराव. नाव उकिरड्याचं, पण हात असा की त्यानं कथलाचा डाग देऊन केलेला जोड बोट फिरवूनही सापडायचा नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. उकंडराव नरसाळी विकायला वाशीमच्या बाजारात गेला आणि येताना स्टेशनात इंजिन पाणी पीत उभं होतं ते पाहत बसला. शेवटची यष्टी चुकली, पायी घरी आला आणि बायकोला म्हणाला, "मी गाडी करतो." बायकोला, म्हणजे रुख्मिणीला वाटलं बैलगाडी. ती बिचारी खूश झाली.

आता खेळण्यातली गाडी कोणीही करतं. मीच त्याला म्हटलं होतं, "काडेपेटीएवढी कर, कोनाड्यात फिरंल." तर माझ्यावरच उखडला. "काडेपेटीएवढी करून तिच्यात काय मुंग्या बसवाच्या? चाक फिरलेलं दिसलं पाह्यजे, दांडा हाललेला दिसला पाह्यजे!" त्यानं इंजिन केलं ते पुरतं हातभर लांब. गोल डब्याचा बॉयलर, वर धुराडं, आत मोडक्या ग्रामोफोनची चावी आणि स्प्रिंग. मागं तसेच हातहातभर डबे, त्यांना खिडक्या. मी वाशीमला रुईच्या प्रेसमध्ये कामाला होतो. गाठी आवळायच्या लोखंडी पट्ट्यांचे तुकडे तिथं कोपऱ्यात फेकलेले असत. ते मी त्याला आणून द्यायचो. बाभळीच्या काटक्यांना खाचा पाडून त्यात तो पट्टी उभी ठोकायचा. झाला रूळ.

गाडी मोठी आणि खोली लहान, इथंच सगळं अडलं. लांब इंजिन अंगणभर वळण मागतं. वळण आवळलं की मधली चाकं रूळ सोडून बाहेर पडायची. उकंडराव वळण रुंद करत गेला. आधी खाट पडवीत गेली. मग रूळ धान्याच्या कोठीखालून गेले, मग रांजणाला वळसा घालून गेले. रुख्मिणी डोक्यावर घागर घेऊन रूळ ओलांडत चालायची आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. तरी गोल काही पुरा होईना. अर्धा चंद्र व्हायचा आणि गाडी भिंतीला टेकायची. मग इंजिन उचला, तोंड फिरवा, पुन्हा चावी द्या. "उचलून फिरवा लागते ते गाडी कायची?" तो म्हणायचा आणि त्या भिंतीकडे असा पाही की जणू तिनं त्याचं घोडं मारलं होतं.

ती भिंत साधी नव्हती. ती वाटणीची भिंत होती. बापाच्या लांबलचक खोलीच्या मधोमध पंचांनी ती घालून दिली होती. पलीकडे जगदेव, अलीकडे उकंडराव. कागद वगैरे काही झाला नाही. आमच्याकडे वाटणी झाली की नाही हे लोक दोन गोष्टींवरून ओळखतात, भिंत कुठं आहे आणि चुली किती आहेत. या भिंतीसाठी रुख्मिणी झुरली होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं मोठ्या जावेच्या, केशरबाईच्या चुलीपुढं दिवस काढले. कढईत उरेल ते खायचं, डब्यातलं तेल विचारून घ्यायचं. वाटणी झाली त्या दिवशी तिनं त्या नव्या भिंतीला लागून स्वतःच्या हातानं चूल घातली, सारवली, आणि पहिली भाकर मला हाका मारून खायला घातली. "भावजी, माह्या घरची हाय," म्हणाली. ते 'माह्या' मला अजून ऐकू येतं.

पुढच्या श्रावणात एक दिवस जगदेव या अंगाला आला. वाटणीनंतर तो कधी उंबरा चढला नव्हता. मी तिथंच बसलेलो. उकंडरावनं गाडी सोडून दाखवली. जगदेवनं मांडी घालून पाहिली, लहान पोरासारखी मान डोलावली. मग म्हणाला, "उकंड, गोल काहून नाई करत?"

"जागा कुठी हाय दादा? भीत आडवी येते."

"मंग पाड ना बे भीत! यंदा महालक्ष्म्या मंधात बसवू. चहूकडून तुही गाडी फिरंल. सारं अनसिंग पाह्यले येईन. महालक्ष्म्या उठल्या का मी सोताच्या हातानं भीत बांधून देतो. हा बसला ना, याच्यासमोर सांगतो."

'हा' म्हणजे मी. आमच्या भागात महालक्ष्म्यांची, म्हणजे गौरींची, आरास केवढ्या मानाची असते, ते सांगायला नको. उकंडरावचा चेहरा असा फुलला की माझ्याच्यानं बघवेना. गावानं त्याला येडा ठरवलं होतं, आणि सख्खा मोठा भाऊ त्याची गाडी महालक्ष्म्यांभोवती फिरवा म्हणत होता.

रुख्मिणी चुलीजवळ पाठमोरी होती. भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, बाई बोलत नाही. जगदेव गेल्यावर तिनं पदर मागं सारला. "भीत पाडाची नाई. सांगून ठेवते."

"सख्खा भाऊ हाय तो. महालक्ष्म्यांच्या नावानं बोलला."

"म्हणूनच म्हणते. देवाच्या नावानं मांगतो त्याले नाई म्हणता येत नाई, हे त्यायले पक्कं माहीत हाय."

पण महालक्ष्म्यांना घरात नको म्हणायचं कोणत्या तोंडानं? शेवटी तीही नमली. भिंतीबरोबर तिला लागलेली चूलही उकरावी लागणार, चार दिवसांनी परत घालू, एवढं स्वतःला समजावलं तिनं. उकंडरावनं लोखंडी सब्बल घेतली आणि गल्लीतल्या सगळ्यांच्या देखत स्वतः भिंत पाडली. जगदेवनं ढेकळाला बोटही लावलं नाही. तो ओट्यावर पान खात बसला होता.

महालक्ष्म्या मात्र अशा बसल्या की काय सांगू. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा, मध्ये दोघी मुखवट्याच्या, पुढं त्यांची पिलं, म्हणजे लेकरं, आणि सगळ्यांभोवती पूर्ण गोल रूळ. उकंडरावनं चावी दिली. गाडी निघाली, वळली, न पडता वळली, मागून फिरून पुन्हा समोर आली. बाया आंबील प्यायला विसरल्या. पार मेडशीपासून माणसं आली होती. "उकंडरावची गाडी" म्हणत होते, येडा कोणी म्हणत नव्हतं. तो जेवायलासुद्धा उठला नाही. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू?

महालक्ष्म्या उठल्या. भिंतीचं नाव काढलं तर जगदेव म्हणाला, पितर सुरू झाले, पितरांत कोणी बांधकाम करतं का? खरंच आहे, कोणी करत नाही. मग नवरात्र बसलं, तर म्हणाला घट हलतील. मग कापूस घरात आला, आणि एका सकाळी जगदेवनं तो उकंडरावच्याच अंगाला रचला. रूळ तेवढे मोकळे सोडले. त्याची हुशारी मला तेव्हा दिसायला हवी होती. रुख्मिणीला दिसली. स्वतःची चूल गेलेली, कापसाजवळ विस्तव नको, म्हणून ती आता पुन्हा केशरबाईच्या चुलीपुढं बसत होती. केशरबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लहानी आली परत. घर एक झालं, बरं झालं बाई."

"पंच बसवा," रुख्मिणी रोज म्हणायची. उकंडराव "बसवू" म्हणायचा आणि चावी द्यायचा. मला वाटायचं, भोळा आहे, भावाविरुद्ध बोलवत नाही त्याला. मग मीच पुढं होऊन पंच गोळा केले. त्यांत मदनसिंग होते, ज्यांनी मुळात ती भिंत घालून दिली होती. म्हातारा माणूस, पण शब्दाचा पक्का.

बैठक त्याच खोलीत बसली, रुळांच्या मध्ये. रुख्मिणी दाराआड. जगदेव अगदी शांत. म्हणाला, "भीत त्यानं पाडली, साऱ्या गल्लीनं पाह्यली. चूल बी एक झाली. वाटणी मोडली म्हणून तं पाडली ना? कोणी हात धरला होता त्याचा?"

मी उठलो. जगदेव जे बोलला होता ते शब्दाला शब्द सांगितलं. महालक्ष्म्यांच्या नावानं बोलला, हेही सांगितलं. माझा आवाज चढला असेल, चढू दे. मदनसिंगांनी जगदेवकडे नुसतं पाहिलं. "बोलला होता का तू?" जगदेवला नाही म्हणता येईना. "बोलला असशीन तं भीत बांधून दे. वाटणी हाय तशीच हाय," मदनसिंग म्हणाले. दाराआड बांगड्या वाजल्या. जिंकलो, असं वाटलं मला.

जगदेवनं मान हलवली. पंचांकडे पाहिलंच नाही त्यानं, पाहिलं ते उकंडरावकडे.

"बांधतो ना. उद्याच बांधतो. पण जुन्या जागेवर. आन् माह्या अंगाला रुळाचा तुकडा बी नाई पाह्यजे. भितीले भोक बी नाई."

आधी उकंडरावनं भिंत जिथं होती तो पट्टा पाहिला. मग रूळ पाहिले, तो गोल जिथं पलीकडे जाऊन वळत होता तिथपर्यंत. मदनसिंग म्हणाले, "सांग बापू, तुह्या घराची गोष्ट हाय." मी मनात म्हणत होतो, अरे बोल, एक हो म्हण. बांधू दे भिंत, मरू दे ती गाडी.

"राहू द्या," उकंडराव म्हणाला. "भीत नको. एकत्रच राहू."

पंच उठले. भावाभावांचं जमलं म्हणून एकदोघे हसलेसुद्धा. इतके दिवस ज्याला मी भोळा समजत होतो, तो भोळा नव्हता. पितर, नवरात्र, कापूस, ही सगळी कारणं जगदेवएवढी त्यालाही हवी होती.

तेवढ्यात रुख्मिणी दाराबाहेर आली. भासरा समोर, पंच समोर, आणि ती सरळ चालत येऊन नवऱ्यापुढं उभी राहिली. आवाज चढवला नाही तिनं.

"त्यायच्या मनात काय हाय ते मले पयल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "तुमच्या मनात काय हाय ते आज समजलं."

मग ती केशरबाईच्या चुलीकडे गेली, कारण स्वयंपाकाची वेळ झाली होती.

गाडी त्यानंतर पुष्कळ वर्षं फिरली. दर महालक्ष्म्यांना लोक यायचे, जगदेव सगळ्यांना आत बोलवायचा. उकंडराव सांजच्याला एकटाही चावी देऊन बसायचा. रुख्मिणी त्याचं ताट घेऊन आली की तो घाईनं गाडी थांबवायचा. ती रुळावरून पाय उचलून यायची, ताट ठेवायची आणि तशीच परत जायची. तो विचारायचा, "तू जेवली का?" तिनं त्याला उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही.